मनकर्णाकाकूंचं वाचायचं राहिलेलं पुस्तक

मनकर्णाकाकूंचं घर आमच्या वाचनालयाच्या मागच्या गल्लीत आहे. गोरेगावात कुणालाही विचारा, 'गिरणीवाल्या काकू' म्हणून घर दाखवतील. गिरणी आता बंद आहे. ज्या खोलीत पट्टा फिरायचा तिथं त्यांचा मुलगा बालाजी जीपचे जुने टायर ठेवतो. तो सेनगावच्या फेऱ्या मारतो. सून पुनम घर बघते, आणि काकू दिवसभर ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलणं, वाती वळणं असलं काही हातात धरून असतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याचं करून उपयोग नाही असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

मी वाचनालय सांभाळते. सांभाळते म्हणजे सकाळी झाडते, पेपर लावते, देवाला उदबत्ती लावते आणि दुपारी कुलूप घालून काकूंकडे जाऊन बसते. दोघींना बोलायला फार लागतं असं नाही. कधी कधी तासभर आम्ही नुसत्या बसतो.

काकूंचे मालक सोनाजीकाका. गिरणी त्यांची. लोकांचं दळण द्यायचे आणि लाईट गेली की पोत्यांवर बसून गोष्टी लिहायचे. त्या काळी लाईट जायचीही भरपूर. त्यातल्या काही गोष्टींचं पुढे त्यांनी हिंगोलीच्या एका छापखान्यातून पुस्तक काढलं, 'सांजदळण' नावाचं. छापलेले गठ्ठे गिरणीच्या माळ्यावर पडून राहिले. काही वाळवीनं खाल्ले, काही त्यांनी येईल त्याला वाटले. त्यानंतर मात्र काकांनी एक ओळ लिहिली नाही. वीस-बावीस वर्षं नुसती गिरणी चालवली आणि एका मार्गशीर्षात, दत्तजयंती होऊन गेल्यावर, झोपेत गेले.

काकूंनी ते पुस्तक वाचलं नव्हतं. चौथी शिकलेल्या आहेत, अक्षर लावून वाचता येतं. पण दोन म्हशी, गिरणीचं गिऱ्हाईक, सासूचं आजारपण. काका विचारायचे, "वाचलं का गं?" काकू म्हणायच्या, "वाचीन की सवडीनं." काका पुन्हा विचारायचे, काकू पुन्हा तेच सांगायच्या. मग काकांनी विचारणं सोडलं.

काका गेल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांची एक गोष्ट कॉलेजच्या अभ्यासक्रमाला लागली. कशी लागली ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. पण तिथून पुढे माणसं यायला लागली.

पहिले आले व्यंकटराव सर. हिंगोलीला कॉलेजात मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. कपाळाला गंध, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मऊ. ते काकांच्या तिथीला यायचे, मार्गशीर्ष वद्य षष्ठीला. श्राद्धाचं जेवण घ्यायचे आणि काकांविषयी विचारायचे. नंतर आला शौनक. तो सरांचाच विद्यार्थी, पुढे संभाजीनगरला शिकवायला लागलेला. तो तिथी मानत नाही, म्हणून तारखेला यायचा. तिथी आणि तारीख सहसा एका दिवशी येत नाहीत, त्यामुळे काकूंच्या घरी त्या दोघांची गाठ कधी पडली नाही. बाहेर त्यांचं बोलणं कधीच बंद झालेलं होतं.

दोघांना एकच गोष्ट हवी होती. सोनाजींनी लिहिणं का सोडलं?

सरांचं म्हणणं, काका विरक्त झाले. शब्दांतून त्यांचं मन निघालं आणि देवाशी लागलं. त्यामुळे त्यांच्या गोष्टीही भक्तीच्याच आहेत, फक्त तशा वाचता आल्या पाहिजेत. शौनकचं म्हणणं, काकांनी रागानं सोडलं. शहरातल्या मासिकांनी त्यांच्या गोष्टी ह्या गावाकडच्या भाषेपायी परत पाठवल्या, तेव्हा गप्प राहून त्यांनी निषेध केला. म्हणजे गोष्टीही रागाच्याच.

आता काकूंची रीत सांगते, कारण सगळं तिथंच अडकलं. आपल्या घरी पाटावर बसून कुणी जेवत असेल तर त्याचं म्हणणं खोडायचं नाही. जेवणारा म्हणाला आज ऊन फार आहे, तर बाहेर थंडीनं हुडहुडी भरलेली असली तरी "व्हय" म्हणायचं. त्यांच्या सासूनं शिकवलं, त्यांनी पाळलं. आमच्याकडच्या जुन्या बायका अजून पाळतात.

सर पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा मी तिथं वाढायला होते.

"वहिनी, सोनाजीरावांचा शेवटी नामस्मरणाकडे ओढा होता ना?"

"व्हय, असंल की. भात घ्या अजून."

"म्हणजे शब्दांची त्यांना गरजच उरली नव्हती."

"न्हाई उरली. तूप वाढू का?"

सरांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग वाटीभर कढी घेतली.

त्या वर्षी पुढे शौनक आला. तो पाटावर न बसता खुर्ची मागून घेतो, गुडघा दुखतो म्हणून. पण जेवतो मनापासून.

"काकू, मासिकांनी गोष्टी परत पाठवल्या, त्याचा राग असेल ना त्यांच्या मनात?"

"राग तं असंलच माणसाला. भाकर मोडू का?"

"आणि त्या रागानंच त्यांनी लिहिणं सोडलं."

"सोडलं बाबा. ठेचा झोंबला का? दही घे."

जाताना दोघंही पुस्तकाच्या प्रती मागायचे. अभ्यासाला पाहिजे, म्हणायचे. पुढच्या वेळी अजून एक, विद्यार्थ्यासाठी. काकू काढून द्यायच्या. आमच्या वाचनालयातली प्रत माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी शौनकला झेरॉक्ससाठी दिली होती, तीही परत आली नाही. मग काकूंचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी निघाली आणि त्या मला म्हणाल्या, "शितल, माळ्यावरून यांचं पुस्तक काढ बरं. आता सवड हाय."

मी चढले. माळ्यावर उंदराच्या लेंड्या होत्या आणि रिकामं खोकं.

"एक बी न्हाई?"

"नाही काकू."

त्यांनी खोकं खाली काढायला लावलं आणि आत हात फिरवून पाहिला. नंतर म्हणाल्या, "त्यास्नी वाचीन म्हणले होते मी."

मी जिल्ह्याच्या वाचनालयात विचारलं. नोंद आहे, पुस्तक नाही, असं कळलं. सरांना फोन केला. ते म्हणाले, माझ्या प्रतीवर माझी टिपणं आहेत, बाकीच्या कुणाकुणाकडे आहेत ते आठवत नाही. शौनक म्हणाला, पाठवतो. तो दर वेळी पाठवतोच म्हणतो. तेवढ्यात दोघांची पुस्तकं बाहेर आली, सोनाजींवर लिहिलेली. दोन्ही पुस्तकं वाचनालयाला भेट म्हणून मिळाली आणि मी काकूंना ती वाचून दाखवली. सरांच्या पुस्तकात होतं, 'सोनाजींच्या पत्नीने प्रस्तुत लेखकाला स्वतः सांगितले की शब्दांची गरज त्यांना उरली नव्हती.' शौनकच्या पुस्तकात होतं, 'हा क्रोध त्यांच्या पत्नीने माझ्याजवळ स्वतः मान्य केला आहे.'

काकूंनी हातातली वात खाली ठेवली. "मी असं म्हणले?"

"दोघांना व्हय म्हणालात ना."

"अगं, जेवून राहिले होते ते."

"हो, पण त्यांनी छापलं."

"मग आता?"

आता काय, दोघं एकमेकांना खोटं म्हणायला लागले. एका मासिकात सरांनी लिहिलं, की त्या माऊलीच्या तोंडी भलतंच घालण्याचा हा उद्योग आहे. पुढच्या अंकात शौनकनं लिहिलं, की निवृत्त माणसांना सगळीकडे विरक्ती दिसते. मग दुसऱ्या गावचे लोक त्यात पडले. कुणी सरांच्या बाजूनं, कुणी शौनकच्या. एकानं तर लिहिलं की सोनाजींची भाषा मराठवाड्याची नाहीच, वऱ्हाडातली आहे, म्हणून त्यांच्यावर हक्क सांगण्याआधी नकाशा बघा. बालाजीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाप माझा, अन् नकाशा त्याह्यचा?" आणि जीप पुसायला गेला.

आले अंक मी काकूंना वाचून दाखवायचे. पुढे पुढे त्या मधेच म्हणायच्या, "बस कर आता, डोकं उठलं." एखादं मूल रडून रडून थकल्यावर आईचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यात आणखी हिंगोलीचे हरीशभाऊ आले. छापखाना चालवतात, थोडी पुस्तकंही काढतात. 'सांजदळण' पुन्हा छापायला तयार होते.

काकू सावरून बसल्या. "छापा की. कव्हा छापता?"

"छापायला समोर प्रत पायजे ना काकू. प्रती त्या दोघांकडं. सर म्हणतात देतो, पण प्रस्तावना माझी घाला. शौनकसर म्हणतात देतो, पण माझी घाला."

"दोघांची बी घाला."

"म्हणून पाहिलं. एका पुठ्ठ्यात एकमेकांसंग नांदायला दोघंबी तयार न्हाईत."

"मग?"

"तुमीच ठरवा. तुमी ज्याचं बराबर म्हणताल त्याची प्रस्तावना, त्याची प्रत. कॉलेजवाले बी प्रस्तावना कुणाची ते पाहूनच घेतात."

काकूंनी त्यांना चहा दिला आणि काही ठरवलं नाही. हरीशभाऊ गेल्यावर मला म्हणाल्या, "मला काय म्हाईत त्यांनी काहून सोडलं ते? मी इचारलंच न्हाई कधी. एक दिवस लिहायचे, मग लिहायचे न्हाईत. घरात माणूस असलं की इचारतंय का कुणी?"

"मग तसं सांगा त्यांना."

"पाहुण्याला आधी व्हय म्हणायचं अन् मग न्हाई म्हणायचं? कसं वाटंल ते?"

वर्ष गेलं. काकूंच्या डोळ्याचं पाणी थांबेना. अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणायच्या. मी रोज सकाळी नागनाथाला हात जोडते तेव्हा काकूंचं नाव घेत होते. मागून काय घ्यावं ते कळत नव्हतं. डोळे मागावे का पुस्तक?

मग गेल्या मार्गशीर्षात काय झालं, तर तिथी आणि तारीख एका दिवशी आली. आमचे भटजीकाका म्हणाले, एकोणीस वर्षांनी असं येतं, माणूस गेला त्या दिवसासारखा दिवस पुन्हा जुळतो. काकूंना त्याचं बरं वाटलं होतं. मला मात्र त्या दोघांची आठवण झाली. पण येऊ नका असं श्राद्धाच्या दिवशी कुणाला कळवायचं कसं?

सर आधी आले. पान वाढून होतंय तोवर शौनक आला. दोघं दारात एकमेकांसमोर उभे राहिले.

"नमस्कार सर."

"हं. आज तारीख आहे वाटतं."

"तिथीही आहे म्हणे."

पुनमनं मला कोपर मारलं. काकू आतून म्हणाल्या, "बसा बसा, दोघंबी बसा. पान वाढलंय." एका ओळीत दोन पानं. मधे बालाजी बसला, बिचारा, मान खाली घालून. सर पाटावर आणि शौनक खुर्चीवर, त्यामुळे शौनकला वरून खाली बोलावं लागत होतं आणि सरांना मान वर करून. दोघांनी एकमेकांना हरवायला पुरावे आणलेले. सरांनी पिशवीतून त्यांची 'सांजदळण'ची प्रत काढून पाटाशेजारी ठेवली. शौनकनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मांडीवर ठेवला.

वडे वाढेपर्यंत ठीक होतं. खिरीला सुरुवात झाली आणि सर म्हणाले, "वहिनी, याच्यासमोर एकदा सांगूनच टाका. मला तुम्ही काय म्हणाला होता?"

शौनक म्हणाला, "सांगा काकू. घाबरू नका."

"घाबरतील कशाला? मी काय वाघ आहे?"

"सर, तुम्ही लीडिंग प्रश्न विचारता, उत्तर प्रश्नातच असतं, हाच तर माझा मुद्दा आहे."

"तू विचारत नाहीस? काय रे, माझ्याकडेच शिकलास ना प्रश्न विचारायला?"

"तेवढंच विसरायचं राहिलंय."

बालाजी पुटपुटला, "भजे घ्या सर." कुणी घेतले नाहीत.

काकू हातात खिरीचं पातेलं घेऊन मधे उभ्या होत्या. पातेलं जड होतं, मी घ्यायला पुढे झाले तर त्यांनी दिलं नाही. म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तव्हा व्हय म्हणले, ते जेवणाराला म्हणले. तुमचं खरं म्हणून न्हाई म्हणले. त्यांनी लिहिणं काहून सोडलं ते मला म्हाईत न्हाई. देवापायी सोडलं का रागापायी, मला कधी सांगितलं न्हाई त्यांनी."

आयुष्यात पहिल्यांदा काकूंनी पानावर बसलेल्या माणसाचं म्हणणं खोडलं. मला वाटलं, आता दोघं खजील होतील. कसचे. शौनक सावकाश म्हणाला, "बघा सर. नवऱ्याचा राग बायकोपर्यंतसुद्धा पोचू दिला नाही. इतका तो खोल होता." आणि सर म्हणाले, "बायकोलाही सांगितलं नाही, याला विरक्ती नाही तर काय म्हणायचं?" दोघांची तोंडं उजळली. खीर ओरपत पुन्हा सुरू झाले.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. सरांच्या पाटाशेजारचं पुस्तक उचललं आणि आत निघाल्या.

"वहिनी! वहिनी, ते..." सर अर्धे उठले. पण हात उष्टा, खिरीनं माखलेला. पुस्तकाला उष्टा हात लावणार कसे, आणि पान सोडून श्राद्धाच्या पंगतीतून उठणार कसे? तसेच पुन्हा खाली बसले. "त्यात माझी टिपणं आहेत हो. बारा वर्षांची."

"असू द्या," काकू आतून म्हणाल्या. "तेवढी सोडून वाचीन."

शौनकला हसू आलं. मग त्यानं हसू गिळलं आणि, खरं सांगते, सरांना पाण्याचा तांब्या पुढे केला. सरांनी घेतला. त्यांचं बोलणं सुरू झालं असं मात्र म्हणता येणार नाही. विडा घेऊन दोघं वेगवेगळ्या जीपनं गेले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाचायला बसलो. काकूंनी आधी स्वतः धरून पाहिलं, डोळ्याला अगदी चिकटवून. अर्ध्या पानात डोळ्यातून धार लागली. मग मी वाचायचे, मी नसले तर पुनम. पुस्तकाचे समास पेन्सिलीनं भरलेले. पुनम बिचारी सगळंच वाचायची. एकदा गोष्टीत गिरणीवर आलेली म्हातारी दळण घेऊन घरी निघते आणि पुनमनं पुढे वाचलं, "येथे वैराग्याची चाहूल."

"हे यांनी लिहिलंय?" काकू.

"न्हाई आत्याबाई, बाजूला हाय. सरांचं."

"मग म्हातारी घरी पोचू दे आधी."

काकूंना गोष्टी आवडल्या का, ते मी सांगू शकत नाही. कधी म्हणायच्या, "लई लांबण लावलंय. बोलायचे बी असेच, मुद्द्यावर यायला दिवस घालायचे." एका गोष्टीत गिरणीवाल्याची बायको येते, दोनच ओळी, चहा देऊन जाते. तेवढं त्यांनी दोनदा वाचून घेतलं. काही दुपारी ऐकता ऐकता झोपायच्या. मग मी थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा घ्यायचे. असं करत संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली. मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आले, प्रसाद आणला. हरीशभाऊंचे फोन यायचे, प्रत कधी देता म्हणून. सरांचेही यायचे, ते बालाजी घ्यायचा आणि गाडीवर आहे म्हणायचा.

उन्हं चढायला लागली तेव्हा हरीशभाऊ स्वतः आले. तेव्हा एक गोष्ट राहिली होती, शेवटची.

काकूंनी पुस्तक मांडीवर घेतलं. "कुणाची बी प्रस्तावना घालायची न्हाई. अन् ही पेन्सिल छापायची न्हाई."

"प्रस्तावनेबिगर कॉलेजं घेणार न्हाईत काकू. थोड्याच प्रती काढाव्या लागतील मंग."

"थोड्या काढा. अन् अक्षर मोठं करा. लेकरांच्या पयलीच्या पुस्तकाएवढं."

"एवढं मोठं?"

"व्हय."

हरीशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, एकच गोष्ट राहिलीय. आता तासाभरात वाचून होईल, मग देऊ."

"न्हाई. घेऊन जाऊ दे." त्यांनी पुस्तक हरीशभाऊंच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकल्या. "दमले मी. ती एक मोठ्या अक्षरात आल्यावर माझी मी वाचीन. त्यास्नी तसं म्हणलंय."

पुस्तक अजून आलेलं नाही. अक्षर मोठं केल्यानं पानं फार वाढलीत, असं हरीशभाऊ सांगतात.